प्लॅन कोणाच्या खिशात?

सहलीला जायचं म्हटलं की पूर्वी घरात एकच प्रश्न असायचा, रजा मिळेल का? हल्ली त्याच्या जोडीला दुसरा येतो. प्लॅन कोणत्या अ‍ॅपवर करायचा? गंमत म्हणजे रजेचा प्रश्न दोन दिवसांत सुटतो, अ‍ॅपचा महिनाभर सुटत नाही. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही आठजण विजापूर, बदामी, हंपी आणि येताना पंढरपूर असे सहा दिवस फिरून आलो. त्याआधी बरेच दिवस मी मोबाईलवर अ‍ॅप्स उतरवत होते आणि काढून टाकत होते. नात्यातल्या निदान तिघांनी "तुम्ही कोणतं वापरलंत?" असं विचारलंय. एका ओळीत सांगता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या घरी ह्या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षं 'बाबा' असं होतं. बाबांकडे रेल्वेचं 'ट्रेन्स अ‍ॅट अ ग्लान्स' असायचं, एसटी स्टँडवरून उतरवून आणलेल्या वेळा असायच्या आणि एलआयसीची डायरी असायची. डायरीत डावीकडे गाडी, वेळ, मुक्काम. उजवीकडे खर्च. खाली एखादी ओळ, 'चहा बरा', 'पाणी मचूळ', 'खोली पूर्वेची मागणे'. त्यांचे दोन नियम होते. एका दिवसात एकच मोठी गोष्ट बघायची, आणि रस्त्याचा वेळ काढताना अंतराला चाळीसने भागायचं, गाडी कितीही पळो. आम्ही दोघं भावंडं मागच्या सीटवर भांडत बसायचो. उद्या कुठे आहोत, जेवण कुठे, परतीचं तिकीट कोणाकडे, ह्याची काळजी करायचं आम्हाला कधी कारणच पडलं नाही. सगळं बाबांच्या खिशात असायचं.

गेली दोन वर्षं बाबांना विसरायला होतंय. जुनं सगळं लख्ख आठवतं. १९८४ च्या दक्षिणेच्या सहलीत कुठल्या स्टेशनावर गाडी चुकता चुकता राहिली ते ते आजही सांगतील. पण सकाळी ठरलेलं दुपारी राहत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलंय, गोळ्या चालू आहेत. घरी फार अडत नाही, कारण घर ओळखीचं आहे. प्रवासात मात्र रोज खोली नवी, रस्ता नवा. "आता कुठे चाललोय आपण?" हा प्रश्न दर वीस मिनिटांनी येणार हे मला दिसत होतं, आणि त्याचं उत्तर दर वेळी आईलाच द्यावं लागणार हेही. त्यामुळे अ‍ॅप निवडायला बसले तेव्हा माझ्यापुढे खरा प्रश्न हा होता, की बाबांच्या डोक्यात असायचं ते आता ठेवायचं कुठे?

आता अ‍ॅप्सबद्दल.

पहिला प्रकार म्हणजे तिकिटं आणि बुकिंगं एका जागी जमवणारी. ह्यातलं जुनं आणि नावाजलेलं म्हणजे ट्रिपइट. कंपनी २००६ सालची. विमानाची, हॉटेलची कन्फर्मेशनची ईमेल त्यांच्या पत्त्यावर फॉरवर्ड केली की ते त्यातून तारखा, वेळा, नंबर उचलतं आणि दिवसांप्रमाणे लावून देतं. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्या विमानांसाठी हे उत्तम आहे. मेलबॉक्समध्ये थेट शिरायची परवानगी देण्यापेक्षा हवी ती मेल आपण फॉरवर्ड करणं मला जास्त पटतं. पण आमच्या सहलीत ईमेल येणार होती दोन हॉटेलांची. बाकी सगळं फोनवर, "या ताई, खोली ठेवतो" असं. टेंपो ट्रॅव्हलरची पावती तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून आली होती. ह्या अ‍ॅपनं त्याचं काय करावं?

दुसरा प्रकार नकाशा आणि यादी शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांचा. वॉंडरलॉग ह्यातलं बरंच लोकप्रिय. ठिकाणं टाकली की नकाशावर टाचण्या दिसतात, दिवसांत वाटता येतात, बाकीच्या मंडळींना बोलावून सगळ्यांनी मिळून बदल करता येतात, खर्चही वाटून मांडता येतो. दादाला हे भयंकर आवडलं. मात्र इंटरनेट नसताना प्लॅन उघडायची सोय मी पाहिलं तेव्हा पैसे भरणाऱ्यांसाठी होती. गूगल मॅप्सवर स्वतःची यादी करून ती घरच्यांना देता येते, हे आपल्यापैकी बरेच जण करतातच. तिथे एका मार्गात मोजकेच थांबे बसतात आणि त्यांचा सोयीचा क्रम तो आपणहून लावत नाही. नकाशाचा तुकडा आधी उतरवून ठेवला तर नेट नसतानाही गाडीचा रस्ता दिसतो. ऑरगॅनिक मॅप्स तर बनवलंच आहे नेटशिवाय चालण्यासाठी. ते ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतं आणि फुकट आहे.

तिसरा प्रकार नवा. विचारलं की सगळा प्लॅन लिहून देणारी एआय मंडळी. माझ्या चौदा वर्षांच्या भाच्यानं, म्हणजे दादाच्या मुलानं, तिकडून अर्ध्या मिनिटात सहा दिवसांचा प्लॅन करून पाठवला. "आत्या, झालं!" पहिल्याच दिवशी पुणे ते बदामी, वाटेत गोलघुमट. हंपीत भल्या पहाटे अंजनाद्री टेकडीवरून सूर्योदय. वाचायला इतकं छान की लगेच बॅग भरावी. पुणे-बदामी साधारण पावणेपाचशे किलोमीटर आहे. अंजनाद्रीला पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आणि आमच्या आईच्या एका गुडघ्याची वाटी बदललेली, दुसरीचं ऑपरेशन ती टाळतेय. हे सगळं नीट सांगितल्यावर त्यानं पायऱ्या वगळल्या, दिवस सैल केले, हे खरं. पण ते सांगावं लागतं. आणि काय सांगायचं हे ज्याला माहीत असतं, निम्मं नियोजन त्याच्या डोक्यात आधीच झालेलं असतं.

अंतरांचंही तसंच. हंपीचं विरुपाक्ष मंदिर आणि विठ्ठल मंदिर नकाशावर शेजारी दिसतात. नदीकाठच्या पायवाटेनं गेलं तर दोन-अडीच किलोमीटर. गाडीनं जायचं तर कमलापूरवरून चांगला मोठा वळसा पडतो, मग गाडी लांब लावून शेवटचा किलोमीटरभर रस्ता बॅटरीच्या गाडीतून. ज्याला चालता येतं त्याच्यासाठी ती दोन ठिकाणं एका सकाळची. आमच्यासाठी दोन वेगवेगळ्या दिवसांची. टाचण्या दोघांना सारख्याच दिसतात.

सगळ्यात मजा क्रमावरून झाली. एका अ‍ॅपनं आमची ठिकाणं 'सोयीच्या क्रमानं' लावली आणि पंढरपूर पहिल्या दिवशी टाकलं. बरोबरच आहे, पुण्याहून निघालं की ते आधी येतं. पण आईला पंढरपूर शेवटी हवं होतं. तिचं म्हणणं, आधी हंपीचं रिकामं देऊळ बघायचं आणि मग पंढरपूरचं भरलेलं.

ज्यांना संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वारकरी परंपरेत कथा आहे की विजयनगरच्या कृष्णदेवरायानं पंढरीची मूर्ती आपल्या राजधानीत नेली, आणि एकनाथांचे पणजोबा संत भानुदास तिथे जाऊन ती परत घेऊन आले. हंपीच्या विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात आज मूर्ती नाही. कथेत इतिहास किती ते अभ्यासकांनी ठरवावं. आईनं ती लहानपणी तिच्या आजीकडून ऐकलेली आहे, आणि भानुदास ज्या वाटेनं देव घेऊन आले असतील त्या दिशेनं एकदा यायचं हा तिचा कित्येक वर्षांचा हट्ट. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ बघायला बाकीचे सात जण निघालो होतो. ती त्या रथामागच्या रिकाम्या गाभाऱ्यासाठी निघाली होती. 'येथे का जायचे' असा रकाना मला कुठल्याही अ‍ॅपमध्ये सापडला नाही. 'नोंदी' असतो, त्यात मी लिहिलं, 'पंढरपूर शेवटी. हलवू नये. आई.'

दादाशी ह्यावरून थोडी वादावादी झाली. त्याला चांगलं, देखणं अ‍ॅप हवं होतं, पैसे तो भरणार होता. सगळ्यांच्या फोनवर प्लॅन दिसला की झालं, असं त्याचं मत. मी म्हटलं, बाबांच्या फोनवर दिसून उपयोग नाही, त्यांना आता अ‍ॅप उघडून शोधता येत नाही. तो म्हणाला, "अगं, परवाच बोललो मी त्यांच्याशी, चांगले होते की." व्हिडिओ कॉलवर बाबा चांगलेच असतात हो. दहा मिनिटं, ओळखीचा चेहरा, जुन्या गप्पा. त्यानंतरचे उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं कॅमेरा बंद असतो. हे मी त्याला बोलले नाही. लांब राहणाऱ्या माणसाला असं बोलून दाखवणं सोपं असतं, आणि त्यातून फक्त तो दुखावतो.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात होती. गूगल ट्रिप्स नावाचं एक छान अ‍ॅप २०१६ साली आलं होतं. मेलमधली बुकिंगं आपोआप गोळा करायचं, नेटशिवाय चालायचं. ५ ऑगस्ट २०१९ ला ते बंद झालं. एवढ्या मोठ्या कंपनीचं अ‍ॅप तीन वर्षं जेमतेम टिकलं. बाबांची १९८४ ची डायरी कपाटातून काढली की अजून उघडते, पासवर्ड लागत नाही. जुनं ते सोनं असं मला म्हणायचं नाहीये. डायरीचा मोठा दोष हा, की ती एकाच माणसाकडे असते. तो माणूस थकला की सगळ्यांचीच वाट चुकते. आम्हाला ते चांगलं कळलंय.

शेवटी मी तीन अटी लिहून काढल्या. दादाला तिकडे बसून बदल करता आले पाहिजेत. नेट नसताना माझ्या फोनवर उघडलं पाहिजे. आणि कागदावर नीट छापता आलं पाहिजे. शेवटच्या अटीत भली भली अ‍ॅप्स गळली. छापतात, पण रंगीत फोटो, नकाशे, लिंका, सहा दिवसांची चौदा पानं! त्यातून आजचा दिवस शोधणं मला जड गेलं, बाबांचं काय घेऊन बसलात.

तर आम्ही काय वापरलं? साधी गूगल शीट, सगळ्यांना बदल करता येणारी, फोनवर ऑफलाइन ठेवलेली. ठिकाणांची गूगल मॅप्सवरची एक सामायिक यादी. त्या भागाचा उतरवून ठेवलेला नकाशा. दादाच्या विमानांपुरतं ट्रिपइट. संपलं. दादा म्हणाला, "म्हणजे महिनाभर शोधून आपण ऑफिसचंच काम करणार?" हो, पण त्या शीटवर एक फार चांगली गोष्ट झाली. प्रत्येक ओळीपुढे 'कोण बघणार' असा रकाना होता. हॉटेलांचे फोन वहिनीनं तिच्या रात्री जागून केले. पायऱ्या कुठे किती, बसायला सावली कुठे, हे भाच्यानं लोकांनी टाकलेले फोटो बघून बघून शोधलं. पट्टदकलची देवळं एकाच आवारात, सपाट जमिनीवर आहेत आणि आजीला सगळी बघता येतील, हा शोध त्याचा. बदामीच्या चार लेण्यांसाठी चढावं लागतं, पण खाली अगस्त्य तळ्याच्या काठी आजी-आजोबा निवांत बसू शकतात, हेही त्यानंच लिहिलं. पूर्वी हे सगळं एकट्या बाबांच्या डोक्यात चालायचं. ते किती होतं, हे आम्हा सहाजणांना वाटून घेतल्यावर समजलं.

आणि कागद. दिवसाला एक पान, मोठ्या अक्षरात. वर वार आणि तारीख. मग सकाळी कुठे, दुपारी कुठे, रात्रीचा मुक्काम कुठे. हॉटेलचा, माझा आणि ड्रायव्हरकाकांचा फोन नंबर. गोळ्या. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या, कारण त्या सोडल्याशिवाय बाबांना ते आपलं वाटलं नसतं. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं पान त्यांच्या शर्टाच्या खिशात, पेनासकट.

पहिल्या दिवशी पुण्याहून सोलापूरमार्गे विजापूर, साडेतीनशे किलोमीटर. फोन सात तास सांगत होता. बाबा म्हणाले, "नऊ धरा." पावणेनऊ लागले. चहा, पाय मोकळे करणं, रस्त्यात घेतलेली पेरू-बोरं हे फोनच्या हिशोबात नसतं. चाळीसने भागायचं अजून विसरलेले नाहीत!

दुसऱ्या दिवशी बदामीच्या वाटेवर बाबांनी तासाभरात चार वेळा विचारलं, कुठे चाललोय. चौथ्यांदा दादानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. मग त्यानंच हळूच म्हटलं, "बाबा, खिशात बघा ना." बाबांनी कागद काढला, चष्मा लावला, वाचलं. "बदामी," ते म्हणाले. "मुक्काम तिथेच. बरं." आणि कागद घडी करून पुन्हा ठेवला. पाचव्यांदा त्यांनी कोणाला विचारलं नाही. आपणहून खिशात हात घातला. त्यानंतर दिवसभर हेच. मध्येच विचारायचे, नाही असं नाही. पण विचारायची आणि सांगायची एक लाज असते, दोन्ही बाजूंनी, ती बरीच कमी झाली. स्वतःच्या खिशातून काढून वाचणारा माणूस प्लॅन सांभाळणारा दिसतो. मुलांच्या फोनमध्ये डोकावणारा माणूस तसा दिसत नाही. बस, एवढाच फरक, पण आमच्यासाठी तोच मोठा होता.

त्या रात्री उद्याचं पान दादानं केलं. लॅपटॉपवर अक्षर अजून एक माप मोठं केलं आणि हॉटेलच्या काउंटरवर जाऊन छापून आणलं. आमच्यात त्या विषयावर बोलणं तेव्हाही झालं नाही, पण सहलीनंतर तो आता दर रविवारी आईला वेगळा फोन करतो. बाबा झोपल्यावर.

हंपीत विठ्ठल मंदिराला आम्ही सकाळी लवकर गेलो, उन्हाच्या आधी. मुलं रथाचे फोटो काढत होती. आई गाभाऱ्यापाशी बराच वेळ उभी होती. काही म्हणाली नाही, नुसता हात जोडून बाहेर आली. पाचव्या दिवशी विजापूरवरून मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मात्र तिला बोलायला जोर आला. चोखामेळा, कान्होपात्रा, दामाजी, सगळे त्याच गावचे. बाबांना दामाजीची गोष्ट सगळी पाठ. दुष्काळात बादशहाची कोठारं गोरगरिबांना उघडून दिली ती. अर्धी आईनं सांगितली, अर्धी बाबांनी, आणि भाच्यांनी तोंडातली वेफर्स थांबवून ऐकली. पंढरपूरच्या रांगेत साडेतीन तास गेले. शीटमध्ये मी दोन लिहिले होते.

आईनं घरी आल्यावर एक सांगितलं. बाहेरगावी ती पहाटेपर्यंत अर्धवट जागी असते, बाबा उठून दाराशी गेले तर कळावं म्हणून. विजापूरला आणि बदामीला तसंच झालं. तिसऱ्या रात्री तिला मध्येच जाग आली तर बाबा दिवा लावून पलंगावर बसले होते आणि कागद वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी दिवा बंद केला आणि झोपले. "मग मीही झोपले," ती म्हणाली. "सहा वाजेपर्यंत."

म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं आहे. तरुण मंडळी, भरपूर विमानं, भरपूर बुकिंगं असतील तर ट्रिपइटसारखं काहीतरी घ्या. मित्रमैत्रिणी मिळून फिरणार असाल आणि नकाशाशी खेळायला आवडत असेल तर वॉंडरलॉग छान आहे. एआयला जरूर विचारा, पण गुडघे, गोळ्या आणि हट्ट आधी सांगा. आणि बरोबर कोणी थकलेलं असेल, तर अ‍ॅप निवडण्याआधी एकच बघा, त्या माणसाच्या हातात काय येणार आहे.

त्या सहा पानांवर बाबांनी नोंदी केल्या आहेत. अक्षर थोडं थरथरतं, पण वाचता येतं. 'रस्ता उत्तम.' 'चहा फार गोड.' 'पट्टदकल येथे सौ. चालली.' पानं मी डायऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली आहेत.

असो. कोरी शीट कोणाला हवी असेल तर सांगा, पाठवते. अक्षराचं माप मात्र आपापल्या घरी विचारून ठरवा.